सर्व्हर कुणाच्या खोलीत

शैलाचं चांगलं झालेलं मला कधी बघवलं नाही. पहिल्याच ओळीत असं लिहिणं बरं दिसत नाही, हे मला कळतं. पण "नोकरीतल्या आठवणी लिहा हो ताई" अशी संपादकांनी गळ घातली तेव्हा मी विचारून घेतलं होतं, खऱ्या लिहू का? ते हो म्हणाले. मंग आता भोगा.

आम्ही दोघींनी जालन्यातल्या एकाच बियाण्याच्या कंपनीत उभी नोकरी काढली. कंपनीचं नाव सांगत नाही. आमचे मालक शेतकऱ्याच्या घरातले, सगळे त्यांना भाऊ म्हणायचे, तेवढं पुरे.

मी लागले ती टेलिफोनच्या बोर्डावर. बोर्ड म्हणजे लाकडी कपाटासारखं धूड. समोर भोकं आणि खाली दोऱ्या. ज्याला ज्याच्याशी बोलायचं असेल त्याची दोरी त्याच्या भोकात खुपसायची. बाहेरगावी बोलायचं तर आधी एक्स्चेंजला ट्रंककॉल नोंदवायचा आणि हरी हरी करत बसायचं. पेरण्यांचे दिवस जवळ आले की माझे कान तापून लाल व्हायचे. मंठ्याचा एक दुकानदार होता. माल संपला की 'संपला' असं तो कधी सरळ सांगायचा नाही. फोन लागला की रिसीव्हर दुकानातल्या गर्दीकडे धरायचा. शेतकऱ्यांचा गलका मला इथे ऐकू यायचा, आणि मग त्याचा आवाज, "ऐकलं का ताई? आता भाऊला म्हणा गाडी सोडा, न्हाईतर हे लोक मलाच पोत्यात भरतीन!"

शहागडच्या डेपोवर लतीफभाई. डेपो हमरस्त्यावर, मागे सतत ट्रकांचे भोंगे, त्यामुळे ते सगळं ओरडूनच सांगायचे. "ताई, गाडी निकली क्या? जल्दी बोलो, ड्रायव्हर जेवायला बसला का उठत न्हाई!" असा प्रत्येक डेपोचा आवाज मला पाठ. 'हॅलो' म्हणायच्या आत मी नाव घ्यायची, आणि समोरचा खूश व्हायचा. या गोष्टीचा मला गर्व होता, अजून आहे.

शैला माझ्यानंतर लागली. ती कुंभार पिंपळगावची, मी मंठ्याची. लग्नाआधी आम्ही जालन्यात एकाच भाड्याच्या खोलीत राहायचो, एका स्टोव्हवर स्वयंपाक करायचो. ती घुमी. दहा वाक्यं बोललं की एक उत्तर यायचं. पुढे कंपनीत कॉम्प्युटर यायचे ठरले तेव्हा भाऊंनी आम्हा दोघींनाही कॉम्प्युटरच्या क्लासला घातलं. क्लासमध्ये मी तिच्या पुढे होते, हे इथे मुद्दाम लिहून ठेवते.

क्लास संपला आणि कॉम्प्युटरवर बसवलं शैलाला. मला भाऊ म्हणाले, "ताई, तुम्ही हलल्या तर बोर्ड कोण सांभाळणार? तुमच्यासारखं कुणाला जमत न्हाई." म्हणजे मी काम चांगलं करत होते म्हणून मला तिथेच ठेवलं. अशी शिक्षा मी दुसरीकडे ऐकली नाही.

शैलाकडे डेटाबेस आला. बाहेरच्या माणसाला सांगायचं तर डेटाबेस म्हणजे कॉम्प्युटरची आठवण. कुठल्या गोदामात कुठलं बी किती, कुणाला काय पाठवलं, हे सगळं त्यात बसतं आणि विचारलं की क्षणात सांगतं. ही आठवण थंड ठेवावी लागते म्हणून शैलाच्या खोलीला एसी बसला. चपला बाहेर काढून आत जायचं. मे महिन्यात, जालन्याच्या उन्हात, ही बाई शाल पांघरून बसायची. शाल! आणि मी पलीकडच्या खोलीत पदराने वारा घेत असायची. तिला प्रशिक्षणाला पुण्याला पाठवायचे. भाऊ तिला 'शैला मॅडम' म्हणायला लागले. मी ताईच राहिले. ती एसीच्या खोलीतून बाहेर येऊन माझ्याजवळ बसायची, डबा उघडायची, "तुझं काळ्या मसाल्याचं वांगं दे गं" म्हणायची, आणि मी वाढता वाढता आतून जळायची. तिच्या काही लक्षात येत नसे.

पण मीही गप्प बसले नव्हते. बोर्ड जाऊन पेटीएवढं इलेक्ट्रॉनिक यंत्र आलं, ते मी शिकले. फॅक्स शिकले. डेपोंवर कॉम्प्युटर पोचले, ईमेल आली, तर ईमेलचा सर्व्हर मी सांभाळायला लागले. माणसाने माणसाशी बोलायचं जेवढं म्हणून आमच्या कंपनीत होतं, ते माझ्या खोलीतून जायचं.

दोन हजारनंतरच्या दशकातली गोष्ट. भाऊ हैदराबादला एका कंपनीत गेल्ते, तिथून डोळे मोठे करून आले. "ताई, तिकडं काय पाह्यलं सांगू? कॉम्प्युटरवर सगळ्या माणसांची नावं. जागेवर असला तर नावापुढं हिरवा ठिपका. टाइप केलं का लगेच उत्तर. त्याच्यावरच फोन, त्याच्यावरच मीटिंग. आपल्याला पायजे म्हणजे पायजे."

त्याला कम्युनिकेशन सर्व्हर म्हणायचे. नाव ऐकूनच मला वाटलं, हे माझं. बोलणं आहे ना? मग माझं.

औरंगाबादहून विकणाऱ्या कंपनीचे इंजिनिअर आले. त्यांनी सांगितलं, सर्व्हरचे दोन प्रकार आहेत. दोघांनाही डेटाबेस लागतो, कारण कोण कोण माणसं आहेत, कुणाच्या यादीत कोण आहे, हे सर्व्हरला कुठेतरी लक्षात ठेवावं लागतं. लहान प्रकारात छोटासा डेटाबेस सोबतच येतो, त्याच मशिनीत बसतो. मोठ्या प्रकाराला वेगळा, भारी डेटाबेस वेगळ्या मशिनीवर लागतो.

मी लगेच हिशेब मांडला. लहान प्रकार घेतला तर एकच मशीन, माझ्या खोलीत. मोठा घेतला तर वेगळा डेटाबेस, म्हणजे शैला, म्हणजे एसीची खोली. वर भाऊंनी तिथल्या तिथे जाहीर करून टाकलं, "जिच्या खोलीत सर्व्हर, ती नव्या संपर्क विभागाची प्रमुख." पुढच्या आठवड्यात निवडीसाठी सगळे बसले, तेव्हा बाकीच्यांना वाटलं डेटाबेस निवडायची बैठक आहे. मला पक्कं माहीत होतं की ही माझ्या खुर्चीची बैठक आहे.

शैला म्हणाली, "भाऊ, मोठा घ्या. डेपो वाढत राह्यले, लहान पुरणार न्हाई." आणि डेटाबेसही अगदी नवं व्हर्जन सुचवलं, नुकतंच बाजारात आलेलं. त्याचंच प्रशिक्षण घेऊन ती पुण्याहून आल्ती.

मी तयारीने गेले होते. सर्व्हर बनवणारी कंपनी एक तक्ता देते, कुठल्या सर्व्हरला कुठला डेटाबेस चालतो त्याचा. तो मी छापून, खुणा करून आणला होता. म्हटलं, "भाऊ, लहानच बरा. आणि मोठा घ्यायचाच तर डेटाबेस आधीच्या व्हर्जनचा घ्या. हा नवा या सर्व्हरला चालत नाही. तक्त्यात नावच नाही त्याचं."

माझं म्हणणं खरं होतं आणि ते माझ्या फायद्याचंही होतं. त्यातलं किती खरेपणाने बोलले आणि किती खुर्चीसाठी, मला विचारू नका. मला वेगळं करता येत नाही.

भाऊ तक्त्याकडे बघेचनात. "ताई, आपण बियाण्याचा धंदा करून राह्यलो. मागच्या सालचं बी कोणी पेरतं का? जुनं म्हणलं का उगवण घटली. मी शेतकऱ्याला जुना लॉट देत न्हाई, अन् स्वतः जुना घेऊ?"

सगळे हसले. इंजिनिअरसाहेबही हसले, त्यांना नवं विकायचंच होतं. एक जण माझ्याकडे बघून म्हणाला, "ताईंना जुनंच आवडतं, अजून बोर्डाची दोरी सोडवत न्हाई त्यांना." मी त्या माणसाशी पुढे कितीतरी दिवस बोलले नाही.

पाडव्याच्या मुहूर्तावर खरेदी झाली. नवाकोरा सर्व्हर, नवाकोरा डेटाबेस, दोन्ही शैलाच्या खोलीत. मशिनीला हळदकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला, भाऊंनी नारळ फोडला. इंजिनिअरने सर्व्हरचं सॉफ्टवेअर टाकायला घेतलं. आम्ही सगळे पेढे खात उभे. पडद्यावरची पट्टी पुढे सरकत गेली आणि अचानक थांबली. लाल फुली आली. खाली इंग्रजीत स्पष्ट लिहिलेलं, डेटाबेसचं हे व्हर्जन चालणार नाही.

भाऊंनी विचारलं, "काय म्हणून राह्यलं ते?" कोणी बोलेना. मी तोंडात पेढा असल्यामुळे बोलले नाही. आनंद झाला का? झाला. खोटं कशाला बोलू, पेढा त्या दिवशी फार गोड लागला.

पुढच्या दिवसांत त्यांनी काय काय करून पाहिलं. डेटाबेस काढला, परत टाकला. सर्व्हर काढला, परत टाकला. औरंगाबादवाले म्हणायला लागले, "थोडं थांबा, सर्व्हर बनवणारी कंपनी दुरुस्ती काढणार आहे, मग नवं चालेल." पण थांबायला वेळ नव्हता. भाऊंनी विक्रेत्यांना कळवून टाकलं होतं की अक्षय्य तृतीयेच्या मेळाव्यात ही हिरव्या ठिपक्यांची जादू दाखवणार. एकदा शब्द दिला की दिला. आता ते शैलावर चिडायला लागले. "मॅडम, तुम्हीच म्हणल्या होत्या ना नवं घ्या? मंग?" मी माझ्या खोलीतून ऐकत होते. उघड्या दारातून शैला खाली मान घालून उभी असलेली दिसत होती.

दुपारच्या सुट्टीत ती माझ्याकडे आली. डबा आणला नव्हता.

"ताई, तू म्हणली होतीस," ती म्हणाली. "मी ऐकलं न्हाई. आता काय करायचं सांग."

इतकं सरळ कोणी म्हणतं का? माझी चूक झाली असती तर मी आधी औरंगाबादवाल्यांना, मग कंपनीला, मग नशिबाला बोल लावून झाल्यावर हिच्याकडे आले असते. मी म्हणाले, "लहान प्रकार घेऊ. सोबतचा डेटाबेस येतो, काही कटकट नाही. माझ्या खोलीत बसवू."

तिने बोटांवर डेपो मोजले. मग म्हणाली, "दोन सालात भरून जाईल गं तो. ताई, मला एक सांग. आपण नव्या व्हर्जनचं लायसन घेतलं. त्याच लायसनवर जुनं व्हर्जन टाकू देतात का?"

हे मला ठाऊक होतं. देतात. लायसनच्या कागदात खालच्या बारीक अक्षरात होतं, आणि ते मी केव्हाच वाचून ठेवलं होतं. तिला ते सुचणार नाही असं मी धरून चालले होते. आता मी 'माहीत नाही' म्हटलं असतं तर तिला पुण्याला फोन लावावा लागला असता, दिवस गेले असते, भाऊंचा धीर सुटला असता, आणि सर्व्हर माझ्या खोलीत आला असता. मला फक्त गप्प बसायचं होतं.

"देतात," मी म्हणाले.

निघून गेलं तोंडातून. कामाच्या गोष्टीत मला खोटं बोलता येत नाही, हा माझा जुना रोग आहे. ट्रंककॉलवर कितीतरी वेळा "साहेब नाहीत" असं सांगायला मला सांगितलं जायचं, आणि मी म्हणायचे, "साहेब आहेत, पण बोलायचं नाही म्हणतात." तसंच हे. एका शब्दात मी माझी खुर्ची उचलून तिच्या खोलीत नेऊन ठेवली.

तिचा चेहरा उजळला. लगेच पडलाही. "पण भाऊ? जुनं म्हणलं का ते परत उगवणीवर जातीन."

हत्ती देऊन झाला होता, आता शेपूट तरी कशाला ठेवायचं? म्हटलं, "भाऊंना त्यांच्या भाषेत सांग. संकरित बाजरीच्या प्लॉटवर नराच्या ओळी आणि मादीच्या ओळी शेजारी शेजारी असतात. दोन्हींचा फुलोरा एकाच वेळी यावा लागतो. नर कितीही चांगला असो, तो वेगळ्या वेळी फुलला तर मादीला पराग कुठून मिळणार? दाणाच भरत नाही. आपल्या सर्व्हरचं सॉफ्टवेअर आधीच्या सालचं, डेटाबेस आताचा. वाण दोन्ही चांगले आहेत, फुलोरा जुळत नाही. उगवणीचा प्रश्नच नाही इथे."

शैला म्हणाली, "तूच सांग ना भाऊंना."

"मी सांगितलं होतं एकदा," मी म्हणाले. "मला हसले ते."

मग ती गेली आणि तिने सांगितलं. दार उघडं होतं, मला सगळं ऐकू आलं. भाऊ मांडीवर थाप मारून म्हणाले, "अरे वा! असं सांगायचं ना मंग! बराबर आहे. फुलोरा जुळला न्हाई!" शैला म्हणाली, "भाऊ, हे ताईनी सांगितलंय." पण भाऊ तोवर गडगडाटी हसत होते, त्यांनी ऐकलंच नाही. त्यानंतर प्रत्येक बैठकीत, प्रत्येक पाहुण्यासमोर ते फुलोऱ्याचं उदाहरण देत आणि म्हणत, "आमच्या शैला मॅडमनं सांगितलेलं." शैला दर वेळी "ताईचं आहे ते" म्हणायची आणि दर वेळी तो तिचा मोठेपणा ठरायचा. म्हणजे उदाहरण माझं, कौतुक तिचं, आणि वर नम्रतेचं कौतुकही तिचंच. माणसाने जळावं तरी किती!

जुनं व्हर्जन टाकलं. सर्व्हर पहिल्याच झटक्यात बसला. लाल फुली नाही, काही नाही. एकेका डेपोचं नाव चढवायचं काम माझ्याकडे आलं, कारण कुठे कोण बसतं, कुणाला काय समजावून सांगावं लागतं, हे दुसऱ्या कुणाला माहीत नव्हतं. शहागडला लतीफभाईंना टाइप करायला मीच फोनवरून शिकवलं. त्यांनी पहिला निरोप पाठवला आणि लगेच फोन करून ओरडले, "ताई, पोचला क्या? बिलकुल दिसून राह्यला ना?" मी म्हटलं, "लतीफभाई, पोचला की नाही हे विचारायला फोन करायचा नसतो, उत्तर त्याच्यावरच येतं." ते म्हणाले, "वो सब ठीक, पर आवाजाशिवाय भरोसा येत न्हाई."

अक्षय्य तृतीयेचा मेळावा झाला. भिंतीवर मोठ्या पडद्यावर हिरवे ठिपके लागले, विक्रेत्यांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी भाऊंनी आम्हा दोघींना बोलावलं. मला सगळं माहीत होतं. सर्व्हर तिच्या खोलीत होता, आणि भाऊ शब्दाला पक्के.

"तर शैला मॅडम," भाऊ म्हणाले, "संपर्क विभाग तुमच्याकडं. ताई, तुम्ही त्यांच्या हाताखाली मदत करा. जमून जाईल ना?"

हाताखाली. मी साडीचा काठ बोटाभोवती गुंडाळत "हो भाऊ" म्हणणार होते. तोंड उघडलंही होतं.

"भाऊ, ते ताईलाच द्या," शैला म्हणाली. "मला न्हाई पायजे. मशीन राहू द्या माझ्याकडं, डेटाबेस मी बघते. विभाग ताईचा."

भाऊ म्हणाले, "विचार करा मॅडम."

"केला," ती म्हणाली. तिची वाक्यं अशीच असायची.

आणि तेवढ्यावर ते झालं. इतकी वर्षं मी ज्याच्यासाठी रात्रंदिवस मनात भांडत होते, ते अर्ध्या मिनिटात माझ्या पदरात पडलं. बाहेर आल्यावर जिन्यात मी तिला अडवलं.

"शैला, का सोडलंस?"

"काय सोडलं?"

"प्रमुखपद! आणखी काय?"

ती हसली. "अगं, मला कशाला ते? दिवसभर लोकांशी बोलायचं, लतीफभाईंचं ओरडणं ऐकायचं. मला माणसांचा कंटाळा येतो, तुला माहीतंय. मी आपली माझ्या खोलीत बरी."

"मग मोठा प्रकार घ्या म्हणून कशाला अडून बसली होतीस?"

"तो चांगला होता म्हणून." तिला माझा प्रश्नच कळला नव्हता. मग माझ्या चेहऱ्याकडे नीट बघून ती थांबली. "ताई, तुला हे पायजे होतं का? इतकं? मंग बोलायचं ना एकदा! मला काय स्वप्न पडतं? तू कधी बोललीच न्हाई."

असं म्हणून ती चहाला गेली. तिच्या लेखी विषय संपला होता. परसात वांगी जास्त झाली की शेजारी नेऊन देतात, तसं तिने मला माझं आयुष्याचं मागणं देऊन टाकलं होतं आणि दिल्याचं विसरूनही गेली होती. मी जिन्यात उभी राहून रडले. आनंदाने म्हणाल तर नाही, रागानेच रडले. तिने ते माझ्याशी भांडून घेतलं असतं आणि मी हरले असते, तर मला सोपं गेलं असतं.

निवृत्त होईपर्यंत मी संपर्क विभागाची प्रमुख होते. काम उत्तम केलं, कुणालाही विचारा. पण हेवा गेला का, तर नाही. आधी मला तिच्या एसीचा हेवा वाटायचा, तिच्या पुण्याच्या चकरांचा वाटायचा. जिन्यातल्या त्या दिवसापासून तिच्या मनाचा वाटायला लागला. एसी मला पुढे मिळाला, मागितल्यावर भाऊंनी दिला. तिच्यासारखं मन मात्र मी कुणाकडे मागायचं?